३३ टाइल रस्ता आणि रिकामी तिजोरी: दोन स्टारच्या रिव्ह्यूला कॅफेचं उत्तर

नमस्कार,

रविवारी तुम्ही आमच्याकडे सात नंबरच्या पीसीवर चार तास बसलात आणि घरी जाऊन दोन स्टार दिलेत. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सिव्हिलायझेशन फाइव्ह या साम्राज्य उभारायच्या गेममध्ये दर टर्नला (प्रत्येक खेळीला) गोल्ड, म्हणजे गेममधला पैसा, कापलं जात होतं, शेवटी सैन्याच्या दोन तुकड्या आपोआप नाहीशा झाल्या, शेजारच्या मित्राला मात्र तुमच्याइतकेच रस्ते बांधूनही काही झालं नाही, म्हणजे आम्ही त्या मशीनच्या सेटिंगमध्ये गडबड करून ठेवली आहे. शिवाय एसी लागत नव्हता.

एसीचं आधी. खरं आहे, कोपऱ्यातल्या त्या दोन मशीनपर्यंत हवा पोचत नाही. सोमवारी तिथे पंखा लावला.

आता गोल्ड. तुमचा ऑटोसेव्ह (आपोआप जतन झालेला खेळ) मशीनवर होता, तो काल रात्री शटर ओढल्यावर उघडून बसले. सेटिंगला कोणी हात लावलेला नाही. तुमचं गोल्ड रस्त्यांनी खाल्लं. या गेममध्ये रस्ता बांधताना पैसे जात नाहीत, वर्करचे, म्हणजे बांधकाम करणाऱ्या कामगाराचे, टर्न तेवढे जातात, म्हणून तो फुकट वाटतो. पण बांधून झाला की प्रत्येक टाइलमागे (नकाशावरच्या एका घरामागे) दर टर्नला १ गोल्ड देखभालीचं जातं. रेल्वे केलीत तर २. त्या रस्त्यावरून कोणी जावो न जावो, मीटर चालूच.

तुमच्या नकाशावर मी स्क्रीनला बोट लावून मोजलं. राजधानीपासून दुसऱ्या शहरापर्यंत ४ टाइलचा सरळ रस्ता, आणि नदीच्या पलीकडून त्याच शहराला जाणारा आणखी ५ टाइलचा. तिसऱ्या शहराकडे ४ टाइल बांधून वर्कर थांबलाय, पुढच्या २ राहिल्यात. चौथ्या, किनाऱ्यावरच्या चिमुकल्या शहराला ९. आणि उत्तरेला शेजारच्या साम्राज्याच्या हद्दीपर्यंत ओसाड जमिनीतून नेलेला ११ टाइलचा रस्ता, ज्याच्या टोकाला काहीच नाही. कोणाच्याच हद्दीत नसलेल्या जमिनीवरचा रस्ता ज्याने बांधला त्याच्याच खात्यावर पडतो. एकूण ३३, म्हणजे टर्नला ३३ गोल्ड.

बदल्यात काय मिळत होतं? शहर राजधानीला जोडलं गेलं की गोल्ड येतं. ब्रेव्ह न्यू वर्ल्ड हा विस्तार असलेल्या आमच्या आवृत्तीत हिशेब असा: त्या शहराच्या वस्तीला १.१ ने गुणा, राजधानीच्या वस्तीला ०.१५ ने गुणून त्यात मिळवा आणि १ वजा करा. तुमची राजधानी ८ वस्तीची. दुसरं शहर ५ चं, त्याचे ५.७. चौथं २ चं, त्याचे २.४. तिसऱ्या शहराची वस्ती ४ आहे, त्याचे ४.६ मिळाले असते, पण रस्ता दोन टाइलने अपुरा, म्हणून शून्य. अर्धवट रस्त्याचा खर्च मात्र पहिल्या टाइलपासून सुरू होतो! म्हणजे ८.१ आले, ३३ गेले. टर्नला पंचवीसेक गोल्डचा खड्डा कुठल्याही तिजोरीला झेपत नाही. तिजोरी रिकामी झाल्यावरही तोटा चालू राहिला की आधी संशोधनाला कात्री लागते आणि मग सैन्याच्या तुकड्या मोडल्या जातात. तुमच्या दोन गेल्या त्या अशा.

आता मित्राचं. त्यांनी खेळायला इंकांचं साम्राज्य घेतलं होतं. गेममध्ये इंकांना टेकड्यांवरच्या रस्त्याचा खर्चच नाही आणि बाकी जमिनीवर निम्मा. त्यांचे बहुतेक रस्ते टेकड्यांवरूनच गेलेत. (हे उगाच दिलेलं नाही. अँडीज पर्वतात इंकांनी बांधलेलं रस्त्यांचं जाळं खरंच अफाट आहे, २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं.) तुम्ही शेजारीच बसून तुमचा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहिलात, तिथे गल्लत झाली.

तुम्ही लिहिलंय की या गेमच्या जुन्या भागांत तुम्ही प्रत्येक शेतावर रस्ता टाकायचात. मीही टाकायचे. तिसऱ्या भागात तर रस्त्याच्या टाइलवर जास्तीची कमाई व्हायची, त्यामुळे अख्खा नकाशा शेवयांसारखा दिसायचा. २०१० साली पाचवा भाग आला आणि ते बंद झालं. मला विचाराल तर बरंच झालं. आता रस्ता टाकण्याआधी विचार करावा लागतो. माझा ठोकताळा: राजधानीची वस्ती सातच्या आसपास आली की हिशेबातला तो वजा एक फिटतो, मग शहराची वस्ती जितकी, तितक्याच टाइलचा रस्ता परवडतो. तुमच्या नकाशावर नदीपलीकडचा आणि उत्तरेचा रस्ता वर्करकडून काढून टाका, तिसऱ्या शहराच्या २ टाइल पुऱ्या करा. चौथ्याचे ९ही काढा, पुढे तिथे आणि राजधानीत हार्बर (बंदर) बांधून समुद्रातूनच जोडा. हार्बरलाही खर्च आहे, पण ९ टाइलइतका नाही. तोवर १० टाइलचे १० जातील आणि १०.३ येतील. आणि वर्कर ऑटोवर (आपोआप काम करायला) सोडू नका. पुढच्या युगात ते रस्त्यांची रेल्वे करत सुटतात आणि खर्च दुप्पट होतो.

एक चूक आमची आहे. काउंटरवरच्या मुलाला तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला, "बिनधास्त बांधा, रस्ते फुकट असतात." मी त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. तो सहावा भाग खेळतो. त्यात व्यापारी जाता-येता रस्ता पाडतात आणि देखभाल लागत नाही. त्याला माहीत नव्हतं तर त्याने मला हाक मारायला हवी होती. त्यामुळे चारपैकी दोन तासांचे पैसे परत करते, काउंटरवर येऊन न्या. चारही तासांचे मात्र नाही, कारण गोल्डच्या आकड्यावर नुसता माउस धरलात तरी जमा-खर्च उलगडून दिसतो आणि तो सव्वाशे टर्नमध्ये एकदाही पाहिलेला दिसत नाही.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. फक्त "सेटिंगमध्ये गडबड" हे शब्द तेवढे काढा, इथे येणारी शाळकरी मुलं ते वाचतात. सेव्ह फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, टर्न १२६. महिनाअखेरीला ती मशीन फॉरमॅट होणार आहे, त्याआधी या.