ग्रॅव्हल बाईक घ्यावी का? बहुतेकांना माझं उत्तर: नको

दोन महिन्यांत चौथ्यांदा हा प्रश्न इनबॉक्सात आला, म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो. माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक (म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारी, रुंद टायरची सायकल) आहे, दीड वर्ष चालवतोय, आणि खूश आहे. तरी तुम्ही लगेच घेऊ नका.

आधी मजा कुठे येते ते सांगतो. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे कश्यपी धरणाच्या अंगाला डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागलं की माझ्या जुन्या रोड बाईकवर बोटं बधिर व्हायची. टायर २५ मिलिमीटरचे, हवा ९० पीएसआय, डोळे सतत पुढच्या दगडावर. आता टायर ४० चे आणि हवाही ४० च्या आसपास. खडी खाली करकरते, पण मान वर करून धरणाचं पाणी बघता येतं. एकदा एका द्राक्षबागेपाशी काकांनी थांबवलं, वाकून अंगठ्याने टायर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हँडल रेसचं अन् टायर मोपेडचं?" याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत कॅन्ससमध्ये २००६ पासून कच्च्या रस्त्यांवरची ३२० किलोमीटरची शर्यत होते. तिथे कच्चे रस्ते संपतच नाहीत. आपली वाट तीन किलोमीटरवर कुणाच्या तरी बांधाला जाऊन टेकते, की पुन्हा डांबर. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. मखमलाबादकडून मळ्यातून शॉर्टकट मारायला गेलो, काळी माती टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्या फटीत अशी गच्च बसली की चाक फिरेना. काडीने उकरत बसलो, मग पुढचे दोन किलोमीटर सायकलच माझ्यावर बसून आली.

ज्यांची धाव रविवारी त्र्यंबक आणि परत एवढीच, त्यांनी रोड बाईकच घ्यावी. महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका, अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत) पूर्ण केली ती डांबरावरच. सातपूरला कामावर जायचं असेल तर सरळ हँडलची हायब्रिड सायकल. तिचं रिम बहुतेक वेळा ग्रॅव्हलच्याच मापाचं, ७०० चं असतं. दुकानात टेप घेऊन जा, फोर्कमध्ये फट किती उरते ते मोजा. ४० चा टायर आरामात बसत असेल तर ग्रॅव्हलचं निम्मं सुख पुष्कळ कमी पैशांत घरी येतं. (सिंहस्थाच्या कामांनी शहर असं खोदलंय की रुंद टायर आता चैन राहिलेली नाही.)

बाभळीच्या काट्याला मात्र सगळ्या सायकली सारख्याच. शक्य असेल तर ट्यूबलेस करून घ्या (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं सीलंट नावाचं द्रव), आणि आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. मी एप्रिलमध्ये विसरलो आणि दुगावहून टेम्पोत बसून आलो.

मग ग्रॅव्हल कुणी घ्यावी? घरात एकच सायकल ठेवायची आहे, लांब जायचंय, ड्रॉप (खाली वळलेल्या, रेसच्या) हँडलची सवय आहे आणि कच्ची वाट दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात, त्याने. आणि हो, माझी विकायची नाहीये. कृपया विचारू नका.