मामाची हूल आणि मेंदूचं मशीन

गणपतीत गावी गेलं की रात्री तीन पत्तीचा डाव बसतो. मामा पत्ते उचलून बघतो, चेहरा कोरा ठेवतो आणि चाल दुप्पट करतो. माझ्या हातात राजाची जोडी असते, तरी मी पॅक होतो. मागाहून कळतं, त्याच्याकडे पंजा, सत्ता आणि नव्वी होती. दरवर्षी हेच.

म्हणून 2012 मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेला ड्यूक विद्यापीठाचा प्रयोग मला फार आवडतो. एमआरआय यंत्रात माणूस झोपवला आणि त्याला साधा पोकर खेळायला दिला. पान हलकं आलं की दोनच वाटा: पान टाकून द्या नाहीतर हूल द्या. मेंदूच्या कुठल्या भागात किती हालचाल आहे याचे नमुने संगणकाला शिकवले आणि विचारलं, हा आता काय करणार ते ओळख. कानाच्या थोडं वर-मागे ‘टेम्पोरो-परायटल जंक्शन’ नावाची जागा आहे. तिथल्या संकेतांत पुढच्या चालीचा असा सुगावा होता, जो बाकी मेंदूत मिळत नव्हता. पण तो मिळायचा समोर माणूस असताना, तोही दखल घेण्याजोगा प्रतिस्पर्धी वाटला तर. कॉम्प्युटरविरुद्ध नाही. म्हणजे मी हरतो ते गणितात कच्चा म्हणून नव्हे, मामाला फार भाव देतो म्हणून!

दुसरा खेळ तुम्ही घरीही खेळू शकता. प्रत्येकाने 0 ते 100 मधला आकडा लिहायचा. सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाला ज्याचा आकडा सर्वांत जवळ, तो जिंकला. लोक मनाला येईल ते लिहितील, सरासरी 50 येईल असं धरलं तर तुम्ही 33 लिहिता. बाकीचेही 33 वर पोचतील हे ध्यानात आलं तर 22. असं उतरत गेलं की शून्य. (आमच्या ग्रुपवर एका काकांनी 100 लिहिलं. 67 च्या वरचा आकडा लिहून काही उपयोगच नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.) अर्थशास्त्रज्ञ रोझमारी नागेल यांनी 1995 मध्ये या खेळावर निबंध लिहिला. 2009 मध्ये त्यांनी आणि ज्योर्जिओ कोरिचेल्ली यांनी खेळाडूंचे मेंदू तपासले, तर 22 च्या आसपास विचार करणाऱ्यांत कपाळामागचा मधला भाग जास्त जागा होता.

इथवर मी खूश आहे. वैतागतो ते ‘आता मशीन मनातलं वाचणार’ अशा मथळ्यांवर. एमआरआय विचार बघत नाही, रक्तातला बदल बघतं, आणि तो शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज मोजणं, झटपट, पण संकेत नेमका कुठून आला ते धड सांगत नाही. आणि हिशेब ढिसाळ ठेवला तर काय होतं? 2009 मध्ये काही संशोधकांनी मुद्दाम मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि आकडेमोडीत त्याच्याही मेंदूत हालचाल निघाली.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना ईईजीवर आधारलेल्या मेंदू-चाचणीचाही आधार घेतला होता. अशी चाचणी कुणावर सक्तीने करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते मे 2010 मध्ये. संमतीने केली तरी तिचा निकाल थेट पुरावा धरायचा नाही, हेही.

ड्यूकच्या यंत्राचा अंदाज चुकला तर एक डाव चुकला. इथे जन्मठेप होती.