'गाडी लाभत नाही' म्हणणाऱ्यांनो

आज दुपारी घरच्या ग्रुपवर आत्यांनी लिहिलं, "अगं, ती गाडी तुम्हाला लाभतच नाही. काढून टाका एकदाची." खाली पाच-सहा जणांनी लगेच हात जोडले. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

लाभत नाही म्हणजे काय हो? दसऱ्याला शोरूममधून काढली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, जिंतूरला आल्यावर आधी मारुतीपुढे उभी केली आणि मग दारात आणली. आपल्याकडून जे करायचं ते सगळं केलं. दादाने नऊ लाख मोजून घेतलेली कोरी गाडी चालता चालता बंद पडते, हा दोष गाडीचा आहे आणि ती बनवणाऱ्याचा आहे. दादाच्या नशिबाला मधे ओढू नका.

मंठ्याच्या अलीकडे काय झालं ते ग्रुपवर कोणी धड विचारलंही नाही. आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीला जालन्याला नेत होतो. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने तिला आधीच कमी दिसतं. अचानक डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, एसीचा आवाज थांबला. स्टेअरिंग घट्ट झालं, ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक. दादाने दोन्ही हातांनी ओढून कशीबशी गाडी साइडपट्टीवर घेतली आणि मागचा उसाचा ट्रक हॉर्न देत इतक्या जवळून गेला की आमची गाडी हलली. आई विचारतेय, "काय झालं रे? कोणी धडकलं का?" दादाच्या तोंडून शब्द फुटेना.

आणि वर्कशॉपने जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहिलं? 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रॉब्लेम आढळला नाही.' दर वेळी हेच. लॅपटॉप लावतात, बिघाडाचा कोड येत नाही म्हणतात, एखादा सेन्सर बदलतात. खाली 'कस्टमर समाधानी' असं आधीच छापलेलं असतं आणि तिथे सही केल्याशिवाय गेटपास मिळत नाही! मंठ्याला मरता मरता वाचलेल्या माणसाकडून समाधानी असल्याची सही घेतात. संताप येतो.

तिथल्या पोरांवर मात्र राग नाही माझा. आयटीआय करून आलेली बदनापूर-अंबडकडची पोरं. एकाने बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आमच्या हातात काही नाही. वरून मेल आल्याशिवाय मोठा पार्ट बदलता येत नाही." खोटं बोलला नसेल तो. पण त्या 'वर' बसलेल्या माणसाचं नाव आम्हाला कोणीच सांगत नाही.

कायदा आहे की, असं म्हणाल. आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २०२० च्या जुलैपासून लागू. गाडी संभाजीनगरला घेतली तरी तक्रार आपल्या परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी २०० रुपये, वकील नसला तरी चालतो. चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण पुढे? गाडीत मुळातच दोष होता हे सिद्ध कोणी करायचं? दादाने. तपासणीला पाठवायची तर तिची फी आयोग दादालाच भरायला लावू शकतो. ज्यांच्याकडे गाडीचे नकाशे, इंजिनिअर, सगळा डेटा आहे ते गप्प बसणार आणि कापूस-सोयाबीन पिकवणारा माणूस इंजिन का बंद पडतं ते सांगणार?

एक पार्ट बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलून मागू नये, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये म्हटलंय. ठीक आहे, क्लच गेला म्हणून नवी गाडी मागणं मलाही पटत नाही. पण पार्ट बदलूनही तोच दोष परत परत येत असेल तर? अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच यासाठी वेगळा कायदा केला. तिकडे बऱ्याच राज्यांत तीन-चारदा दुरुस्ती करूनही तोच बिघाड राहिला, किंवा गाडी मिळून महिनाभर वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ती सदोष धरतात. गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. जॉब कार्डं मोजली की झालं. आपल्याकडे असा नियमच नाही. लोक खोट्या तक्रारी करतील म्हणतात. करतील चार जण. म्हणून बाकीच्यांनी रस्त्यावर मरायचं?

आपल्या भागात २०२० ला सोयाबीन उगवलं नाही तेव्हा कोणी म्हणालं का, 'बियाणं लाभलं नाही'? तक्रारी केल्या, बांधावर पंचनामे झाले. शेतकरी तेव्हा बियाणाच्या पिशवीवरचं लेबल जपून ठेवून भांडला. मग गाडीच्या बाबतीतच आपण एवढे गरीब का होतो?

आणि आत्या, तुमच्या 'काढून टाका'चा मला सगळ्यात जास्त राग का आला सांगते. कोणाला विकायची? पाथरीच्या नाहीतर सेलूच्या कोणाला तरी, ज्याची आई मागे बसणार आहे. एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडही आहे. पण त्यासाठी त्या मॉडेलच्या विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी नोंदलेल्या लागतात. आपण सगळेच गुपचूप विकून मोकळे होतो, मग आकडा भरणार कसा?

तुम्ही काळजीने बोललात, कळतं मला. दादाही थकलाय, चालू हप्ता आणि बंद गाडी यांनी पार वाकलाय. पण २०२२ मध्ये अपघातात एअरबॅग न उघडलेल्या एका ग्राहकाला सुप्रीम कोर्टाने नवी गाडी मिळण्याचा निकाल कायम केला. धडक किती जोराची होती याचं शास्त्र ग्राहकाने जाणावं अशी अपेक्षा नाही, असंही म्हटलं. त्या माणसाने गाडी विकून टाकली असती तर हा निकाल आज आपल्या हातात नसता.

सोमवारी मी आणि दादा परभणीला जाऊन तक्रार दाखल करतोय. चालता चालता इंजिन बंद पडण्याचा त्रास अजून कोणाला असेल, गाडी कोणत्याही कंपनीची असो, तर जॉब कार्डांचे फोटो मला इनबॉक्सला पाठवा. कार्ड हरवलं असेल तर वर्कशॉपकडून सर्व्हिस हिस्ट्री लेखी मागा. आणि गाडी नेताना समाधानी आहे असं छापलेलं असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'दोष कायम आहे.' खाली तारीख टाका.