‘दुर्मीळ संस्कृत नावां’च्या यादीतले अर्थ तपासून पाहिले तर

बारसं जवळ आलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक यादी हमखास येते. मुलींची दुर्मीळ नावं, सगळी शुद्ध संस्कृत, शास्त्रसंमत, पुढे अर्थही दिलेला. मायरा, कियारा, शनाया, अहाना, इरा, तनिष्का, अद्विका, सई वगैरे. नावांशी आमचं भांडण नाही. कुठल्याही भाषेतलं नाव आवडलं तर खुशाल ठेवावं. पण ‘तुझ्या नावाचा अर्थ काय?’ या प्रश्नाला मुलगी जन्मभर जे उत्तर देणार, ते खरं असायला हवं.

‘मायरा, कियारा, शनाया ही संस्कृत नावं आहेत.’ नाहीत. मायरा हे नाव इंग्रज कवी फल्क ग्रेव्हिल (1554–1628) याने आपल्या कवितांतल्या नायिकेसाठी रचलं असं मानलं जातं. यादीत त्यापुढे ‘प्रिय’ असं लिहिलेलं असतं, त्याला संस्कृतात आधार नाही. कियाराची गंमत वेगळी आहे. इटालियन ‘क्यारा’ लॅटिन ‘क्लारा’वरून आलं, त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं क्लारा हे त्याच मुळाचं. आयरिश भाषेतलं जे नाव रोमन लिपीतून आपल्याकडे ‘कियारा’ असं वाचलं जातं, ते मात्र ‘किअर’वरून, म्हणजे काळी-सावळी. एकाच उच्चारावर दोन उलटे अर्थ येऊन बसलेत. तेव्हा कोणतं नाव ठेवतोय, हे आईवडिलांनी आधी ठरवावं. शनायाचा अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ असा देतात. संस्कृतात त्याच्या जवळपासचा शब्द आहे ‘शनैः’, म्हणजे हळूहळू. त्यात सूर्यही नाही, किरणही नाही.

‘अहाना म्हणजे आतला प्रकाश.’ इथे यादीने खरं सोनं हातात घेऊन त्यावर पितळेचा मुलामा दिला आहे. मूळ शब्द ‘अहना’, ‘ह’ ऱ्हस्व. ऋग्वेदात (1.123.4) उषेबद्दल म्हटलंय, ‘गृहंगृहमहना यात्यच्छा’: अहना घरोघरी जाते. ही आतली ज्योत नव्हे, उंबऱ्यापर्यंत येणारी पहाट आहे. निघंटु या वैदिक शब्दसंग्रहात उषेची 16 नावं एकापाठोपाठ दिली आहेत, त्यांत अहना आहेच. सोबत विभावरी, सूनरी, भास्वती, ओदती, द्योतना (उजळवणारी), श्वेत्या (शुभ्र), अरुषी (तांबूस), सूनृता. खरोखर दुर्मीळ वैदिक नाव हवं असेल त्यांनी या 16 नावांपासून सुरुवात करावी. विभावरी निवडताना एवढं माहीत असू द्या: वेदात ती लखलखती पहाट आहे, पुढच्या संस्कृतात तोच शब्द रात्रीसाठी रुळला.

‘इरा म्हणजे सरस्वती.’ अर्धं खरं. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो, ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’: पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी. वाणीवरून सरस्वती आली, मद्य गाळलं गेलं. वेदात इरा म्हणजे तृप्त करणारं अन्नपेय. म्हणूनच इरावती म्हणजे भरपूर पाण्याची. नाव सुंदरच आहे, ठेवा. फक्त चारही अर्थ माहीत असू द्या, उद्या मुलगी स्वतः कोश उघडेल.

‘तनिष्का म्हणजे सुवर्णदेवी.’ अशी देवी नाही. ‘निष्क’ हा शब्द मात्र अस्सल आहे: गळ्यातला सोन्याचा अलंकार, पुढे नाणं. ऋग्वेदात (2.33.10) रुद्राच्या गळ्यात तो आहे. तनु आणि निष्क जोडले तर ‘तनुनिष्का’ होईल, मधला ‘नु’ आपोआप गळत नाही. अद्विकाचंही तेच. अद्वितीयवरून अद्वितीया, अद्वयवरून अद्वया. ‘अद्विका’ ही काटछाट आहे. त्याच चालीचं खरं नाव हवं असेल तर अद्रिका घ्या. महाभारतात सत्यवतीची आई झालेली, शापाने मासळी बनलेली अप्सरा.

‘सई म्हणजे साईंची भक्त.’ शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई 1659 साली वारल्या, शिर्डीच्या साईबाबांचं देहावसान 1918चं. सखी, प्राकृतात सही, मराठीत सई. सई म्हणजे मैत्रीण.

‘ही नावं शास्त्रसंमत आहेत.’ शास्त्राचंच नाव घेतलंय, तर त्यातले नियम पाहू. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, मुलीच्या नावाला विषम अक्षरं आणि शेवटी ‘आ’ सांगितलाय. या मोजणीत कियारा बसतं आणि इरा बसत नाही, म्हणजे केवळ अक्षरं मोजून नाव संस्कृत ठरत नाही. मनुस्मृती (2.33) म्हणते, स्त्रीचं नाव उच्चारायला सोपं, कानाला गोड आणि ‘विस्पष्टार्थ’ असावं. अर्थ स्पष्ट असावा या एका अटीवरच निम्मी यादी गळते. आणि तीच मनुस्मृती (3.9) नक्षत्र, झाड, नदी यांची नावं असलेली मुलगी वधू म्हणून नको म्हणते. आपल्या घरांनी ते कधीच मानलं नाही. रोहिणी, तुळसा, गोदावरी आनंदाने नांदल्या.

नाव तपासायचं तर आधी ते देवनागरीत लिहा. रोमन लिपीत अ-आ, न-ण एकच दिसतात आणि तिथेच अहनाची अहाना होते. मग आपट्यांचा किंवा मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश पाहा, मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ. दोन्हीकडे नाव सापडलं नाही, तर जवळचा धातू किंवा मूळ शब्द शोधा, आणि मधली अक्षरं का गळली याचं उत्तर व्याकरणात मिळतं का ते बघा. मिळालं नाही तर नाव नवं आहे असं समजा आणि तसंच सांगा. घाईही नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं.