पाय मोडलेली अक्षरे उच्चारून दाखवावीत
इंग्रजी अक्षराच्या नावाआधी त्याचा ध्वनी शिकवावा, हे लेखातील मत मला पूर्णपणे पटते. मात्र ‘बी’चा ध्वनी आपण ‘ब’ असा सांगतो तेव्हा त्यात ‘अ’ मिसळलेला असतो आणि ध्वनी जोडताना मूल ‘बॅट’पर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ब् आणि ट् ही व्यंजने पाय मोडूनच, म्हणजे ‘अ’ न मिसळता, ‘ब्, ॲ, ट्’ अशी उच्चारून दाखवावीत. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आमच्या इंदूरच्या मुलांना एक सोय आहे, जिच्याकडे पालकांचे फारसे लक्ष जात नाही: हिंदीत ‘बैट’ असे लिहितात, तर मराठीत हा ‘ॲ’ स्वर स्वतंत्रपणे लिहिता येतो. असे ध्वनी जोडायला शिकवण्याआधी आजी-आजोबांनी डबा, पोळी, पाटी अशा शब्दांतला पहिला ध्वनी नातवंडांना नुसता ऐकून ओळखायला लावावा.