एझ गावाला पस्तीस मिनिटं, अत्तराच्या दुकानाला दीड तास

माझ्या आईने तासगावकडच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामानाचा धडा आला की ती फळ्यावर जगाचा नकाशा काढून पाच ठिकाणी खडू टेकवायची. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, केपटाऊन, ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. पिकं ऑलिव्ह, द्राक्षं, अंजीर, लिंबू. द्राक्षं मुलांच्या घरचीच, ती समजावावी लागायची नाहीत. ऑलिव्ह मात्र तिनेही कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेलं झाड तिने एकतीस वर्षं शिकवलं, आणि बहात्तराव्या वर्षी मला म्हणाली, "एकदा ते झाड बघायचंय गं, हात लावून."

म्हणून मी आम्हा दोघींची युरोपची टूर बुक केली. माणशी साडेतीन लाखांच्या वर पैसे भरले. व्हिसासाठी बँकेचे कागद गोळा केले, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट परत येईपर्यंत जीव टांगणीला लावला. हे सगळं केलं कारण कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं: फ्रेंच रिव्हिएरा, दोन रात्री. नीस, एझ, मोनॅको. म्हणजे आईच्या फळ्यावरचा भूमध्य समुद्राचा काठ, फ्रान्सकडचा. फोटोत निळा समुद्र, डोंगरावर दगडी गाव, पुढे ऑलिव्हची फांदी.

त्या दोन दिवसांत आमच्याशी जे केलं गेलं त्याला मी फसवणूकच म्हणते.

एझपासून सुरू करते. नीस आणि मोनॅकोच्या मध्ये, समुद्रापासून सुमारे ४३० मीटर उंचीवर, कड्याच्या टोकाला हे गाव बसलंय. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांच्या भीतीने या किनाऱ्यावरची माणसं डोंगरावर जाऊन राहिली. म्हणून तिथली घरं एकमेकांना खेटलेली, गल्ल्या दोन माणसं जेमतेम जातील एवढ्या, आणि आत शिरायला तटबंदीतला दरवाजा. गाडी आत जात नाही. माथ्यावर किल्ला होता, तो १७०६ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हुकमाने पाडला. त्या पडक्या भिंतींमध्ये आता निवडुंगांची आणि कोरड्या हवेत तगणाऱ्या जाड पानांच्या झाडांची बाग आहे. तिथून खाली अख्खा किनारा दिसतो. खालच्या रेल्वे स्टेशनापासून गावापर्यंत एक पायवाट चढते, तिच्यावरून जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे १८८३-८४ च्या हिवाळ्यात चालायचा. आईने हे सगळं घरून वाचून आणलं होतं, वहीत लिहून.

आम्हाला वेळ दिला पस्तीस मिनिटं. बसपासून गावाच्या दरवाजापर्यंत चढायचं, परत उतरायचं, हे धरून. गुडघे दुखणारी बाई दगडी पायऱ्या कशी चढेल याचा विचार ज्याने हा कार्यक्रम आखला त्याने एक क्षणही केला नसणार. आई हळूहळू चढली, कुठे बसली नाही, कुठे पाणी प्यायलाही थांबली नाही. बागेच्या तिकिटाच्या रांगेत आम्ही पोहोचलो आणि ग्रुपवर मेसेज आला की पाच मिनिटांत सगळे बसपाशी हवेत. परत फिरलो. खाली आलो तर टूर मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "काकू, तुमच्या एकटीसाठी बेचाळीस माणसं थांबलीत." आई सगळ्यांना "सॉरी" म्हणत मागच्या सीटवर जाऊन बसली. तिने सॉरी का म्हणायचं? हे आठवलं की अजून माझ्या हाताची मूठ वळते.

आणि एवढी घाई करून बस कुठे गेली? त्याच डोंगराच्या उतारावर, अत्तराच्या कारखान्यात. दीड तास! पहिली दहा-बारा मिनिटं तांब्याची भांडी दाखवली आणि मग दुकानात सोडून दिलं. आत शिरताना प्रत्येकाच्या छातीवर ग्रुपचा स्टिकर चिकटवला, आणि काउंटरवर बिल करताना तो बघून नंबर टाकला जात होता. कशासाठी, असं मी दोनदा विचारलं. उत्तर दिलं नाही.

अत्तराशी माझं काही वाकडं नाही. आत डोंगराकडे ग्रास नावाचं गाव आहे, तिथल्या अत्तराच्या कलेला २०१८ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. तिथे पहाटे जाईची फुलं खुडतात, हाताने. ते दाखवलं असतं तर मी दिवसभर उभी राहिले असते. आम्हाला दाखवलं ते दुकान.

वेळेबद्दल काही बोललं की एकच उत्तर, "ड्रायव्हरचे तास संपतात." युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पंचेचाळीस मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. उत्तम नियम आहे, आपल्या एसटीच्या ड्रायव्हरलाही तो मिळो. पण हा नियम कंपनीला बुकिंगच्या आधीपासून माहीत होता ना? मग हॉटेल शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर का घेतलं? पत्रिकेत नीसच्या हॉटेलचं नाव आणि पुढे बारीक अक्षरांत "किंवा तत्सम". त्या "तत्सम"मध्ये आमचे रोजचे दोन तास गेले, आणि ते ड्रायव्हरच्या माथी मारले.

नीसला समुद्राकाठी सात किलोमीटर लांब रस्ता आहे. आम्हाला तिथे पंधरा मिनिटांचा फोटो थांबा मिळाला. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, त्यावरून सांभाळून उतरायला आईला दहा मिनिटं हवी होती. म्हणजे पाय न भिजवताच परत. जुन्या नीसच्या गल्ल्यांत सोका मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, आणि भट्टीत मोठ्या तव्यावर भाजलेलं, वरून मिरपूड. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच! आईला ते पहिल्या घासात ओळखू आलं असतं. त्याऐवजी आम्हाला एका तळघरात नेऊन पनीर आणि डाळ वाढली, आणि पाऊण तासात उठवलं. जेवणाची सोय असावी, अनेकांना ती लागते, मलाही काही दिवस लागली. पण रोज दोन्ही वेळ? एका दुपारी माणसांना मोकळं सोडलं असतं तर काय बिघडत होतं?

मोनॅकोला मात्र तीन तास! जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा देश, आणि आम्ही कॅसिनोसमोर दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो काढत उभे. तिथून अगदी जवळ, रोकब्रून गावात, दोन हजार वर्षांहून जुनं मानलं जाणारं ऑलिव्हचं झाड आहे. आईच्या वहीत त्याचं नाव अधोरेखित होतं. मी टूर मॅनेजरला विचारलं, टॅक्सीने जाऊन येऊ का? "आपल्या जबाबदारीवर जा, बस थांबणार नाही." बहात्तर वर्षांच्या आईला घेऊन परक्या देशात बस चुकवायची हिंमत मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी इटलीकडे निघालो. वाटेत मांतों नावाचं गाव. तिथे डोंगर थंड वारा अडवतात म्हणून लिंबं होतात, फेब्रुवारीत लिंबांचा उत्सव भरतो. हे आई वर्गात शिकवायची त्या हवामानाचं सगळ्यात सुंदर उदाहरण. मोटारवे गावाच्या वरून जातो, एका बोगद्यातून दुसऱ्या बोगद्यात. मधल्या उजेडात आई काचेला डोकं लावून बघत होती. नीसहून मांतोंला लोकल ट्रेन पाऊण तासाच्या आत पोहोचते, समुद्राच्या काठाकाठाने. मोनॅकोच्या तीन तासांच्या बदल्यात कंपनीने एक अर्धा दिवस मोकळा दिला असता तर मी तिला स्वतः घेऊन गेले असते.

परत आल्यावर मी कंपनीला चार पानी मेल लिहिला. उत्तर आलं दोन ओळींचं. "कार्यक्रमात नमूद केलेली सर्व स्थळे दाखवण्यात आली आहेत." दाखवण्यात आली! शब्दांत पकडता येणार नाही अशी व्यवस्था त्यांनी आधीच केलेली असते. "भेट" कुठे, "बाहेरून दर्शन" कुठे, "फोटो थांबा" कुठे, हे बारीक अक्षरांत वेगवेगळं असतं आणि पैसे भरताना कोणी समजावून सांगत नाही. पैसे भरायच्या आधी प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहून मागा. दुकानांसकट. लिहून देत नसतील तर तिथूनच उठा.

आईने ऑलिव्हला हात लावला तो इटलीत, मोटारवेवरच्या पेट्रोल पंपावर. संडासाच्या रांगेशेजारी कुंडीत एक कंबरेएवढं झाड होतं. तिने एक पान उलटं करून मला दाखवलं. खालची बाजू रुपेरी असते, पाणी कमी उडावं म्हणून, असं सांगायला लागली, आणि बसचा हॉर्न वाजला.