जुनी रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका : त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी मामांचा फोन आला. "अगं, ती ७८ची रेकॉर्ड पुसली, तर तिची चकाकीच गेली बघ. काय झालं असेल?" (७८ची म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी रेकॉर्ड.) कशानं पुसलीत, म्हणून विचारलं. "स्पिरिटनं. त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना, तसं."

तो मेसेज त्याआधी मला तीन जणांनी पाठवला होता. मी वरवर पाहिला आणि सोडून दिला. तेव्हाच नीट वाचून मामांना फोन केला असता तर ती रेकॉर्ड वाचली असती, ही रुखरुख मला आहे. म्हणून आता हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. रेकॉर्डमध्ये संगीत अखंड असतं, डिजिटलमध्ये त्याचे तुकडे होतात. कुठलीही जुनी काळी रेकॉर्ड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसावी. पिन, म्हणजे सुई, उडत असेल तर टोनआर्मवर, म्हणजे ती धरणाऱ्या दांडीवर, एक नाणं ठेवावं. रेकॉर्ड्स एकमेकींवर आडव्या रचाव्यात, म्हणजे वाकत नाहीत. १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड तेवढी खरी. आणि कुठलीही रेकॉर्ड शंभर वेळा वाजवली की संपते.

स्पिरिटचं आधी बघू, कारण बाकीच्या चुका थोड्याफार निस्तरता येतात, ही येत नाही.

मेसेजमधली वाक्यं जशीच्या तशी देते : "बोळा काळा निघेल. घाबरू नका, तो वर्षानुवर्षांचा मळ आहे. बोळा पांढरा निघेपर्यंत पुसत राहा." हे वाचून मला खरोखर संताप आला. ७८ची रेकॉर्ड ही बहुतेक वेळा लाखेची असते. लाखेचा किडा झाडाच्या फांद्यांवर जी राळ सोडतो, तीच ही लाख. ती वितळवून तिच्यात दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी मिसळायची आणि गरम साच्यात दाबायची, अशी ती तबकडी तयार होते. आता लाख कशात विरघळते? स्पिरिटमध्ये. लाकडाला चपड्याचं (म्हणजे लाखेच्याच पापुद्र्यांचं) पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा. तो चपडा स्पिरिटमध्येच टाकून ठेवतो आणि त्याचं पॉलिश होतं. मेसेजनं मामांना हेच करायला सांगितलं, फक्त चपड्याच्या जागी रेकॉर्ड.

म्हणजे बोळ्यावर येणारं काळं हा मळ नाहीच. ती विरघळलेली लाख आणि तिच्यातली काजळी आहे. रेकॉर्ड आरपार काळी असते, त्यामुळे पांढरा बोळा कधीच निघणार नाही. जो माणूस मेसेजवर विश्वास ठेवून नेटानं पुसत राहील, तो शेवटपर्यंत पुसत राहील. जितका काळजी घेणारा, तितकं जास्त नुकसान. मामांसारख्या जपून वागणाऱ्या माणसाचंच यात सगळ्यांत वाईट झालं, याचा मला राग आहे.

त्याच संध्याकाळी मी जाऊन पाहिलं. चांगल्या ७८च्या रेकॉर्डवर दिवा तिरका धरला की लेबलपासून कडेपर्यंत उजेडाचा एक निमुळता पट्टा दिसतो. रेकॉर्ड फिरवली तरी तो जागचा हलत नाही, आवाज कोरलेल्या खाचा नितळ असल्याची ती खूण. मामांच्या रेकॉर्डवर तो पट्टा लेबलकडून सुरू व्हायचा आणि कडेच्या अलीकडे बोटभर अंतरावर पुसट होऊन संपायचा. तिथून पुढे राखेसारखा मंद रंग. बोट न लावताही कळत होतं की खाचांच्या धारा गेल्या आहेत. मामांनी मेसेजप्रमाणे कडेपासून गोलाकार पुसायला घेतलं होतं. चार बोळे काळे झाल्यावर त्यांना शंका आली आणि ते थांबले. रेकॉर्ड कडेकडून आत वाजते, त्यामुळे गाण्याची सुरुवात गेली. वाजवून पाहिलं तर पहिली पाऊण मिनिट नुसती खरखर. तिच्यामागे कुठेतरी लांब आवाज आहे इतकंच कळतं. मग एकदम गाणं स्वच्छ येतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. ते जास्त जिव्हारी लागलं.

हे माझं एकटीचं मत आहे असं कुणाला वाटू नये. ध्वनिसंग्रहालयांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ साउंड अँड ऑडिओव्हिज्युअल आर्काइव्ह्ज, १९६९ साली स्थापन झालेली. जगभरचे अभिलेखागार जुन्या ध्वनिमुद्रणांचं जतन करताना तिच्या मार्गदर्शिका समोर ठेवतात. त्यांपैकी टीसी-०४ या मार्गदर्शिकेत तबकड्या स्वच्छ करण्यावर स्वतंत्र भाग आहे. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नये, हे त्यात स्पष्ट बजावलं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं आपलं नावसुद्धा दिलेलं नाही.

"पण मी एलपी कित्येक वर्षं अल्कोहोलनंच पुसतो, काही होत नाही," असं कुणीतरी म्हणणार. बरोबर आहे. एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी लाँग प्ले रेकॉर्ड, विनाइलची असते, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकची. पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडा वेळ लागलं तर ती लगेच विरघळत नाही. साफसफाईच्या काही तयार द्रावणांत ते असतंही. मेसेजमधली अर्धी खरी गोष्ट ती हीच, आणि "कुठलीही जुनी काळी रेकॉर्ड" या चार शब्दांनी तिचं वाटोळं केलं. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, पण पदार्थ वेगळे. कोलंबियानं १९४८ साली एलपी आणली तेव्हापासून विनाइलचा जम बसत गेला. पण लाखेच्या ७८ काही देशांत साठच्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे एकाच कपाटात दोन्ही सापडतात.

ओळखायच्या कशा? लेबलवर ७८ हा आकडा असेल, रेकॉर्ड जाड, जड आणि अजिबात न लवणारी असेल, एका बाजूला तीनेक मिनिटांचंच गाणं असेल, तर ती लाखेची समजा. कडेला नखानं हलकं टिचकावलं तर लाख कौलासारखी टणटणते, विनाइलचा आवाज बसका येतो. अपवाद आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क ७८च्या असूनही बऱ्याचशा विनाइलच्या होत्या. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा पातळ थर दिलेल्या, एकच प्रत असलेल्या तबकड्याही कधीकधी हाती येतात. तशी मिळाली तर घरी कुठलंच द्रव लावू नका. शंका असेल तर लाखेची धरून चाला, त्यात तोटा काही नाही.

आणि पुसायचं कसं? मऊ ब्रशनं, खाचांच्या दिशेनं, कोरडं. बहुतेक वेळा एवढं पुरतं. फारच मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणद्रावाचा एखादा थेंब टाका, कापड नुसतं ओलसर करा, लेबल कोरडं ठेवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून लगेच टिपून घ्या. लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवू नका. तिच्यातले भरीचे पदार्थ ओल धरतात.

नाण्याचं सांगते. सध्याच्या बहुतेक कार्ट्रिजना (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीला) दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो. त्यावर चार-पाच ग्रॅमचं नाणं ठेवलं की भार तिप्पट होतो. हिऱ्याचं टोक खाचेला जिथे टेकतं ती जागा डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान असते, म्हणून एवढ्याशा ग्रॅमांचाही तिथे प्रचंड दाब पडतो. खाच रुंदावते, सुईचा लवचीक आधार बसतो आणि पुढे नाणं काढलं तरी आवाज सुधारत नाही. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजना पाच-सहा ग्रॅम भार चालायचा आणि तेव्हा लोक नाणं ठेवायचे, हे खरं. ती सवय आजच्या टोनआर्मवर आणू नका. पिन उडत असेल तर आधी पिनेवरचा धुळीचा पुंजका काढा, टर्नटेबल समपातळीत आहे का बघा, भार आणि अँटीस्केट (टोनआर्मची आतल्या बाजूची ओढ रोखणारी सोय) कंपनीनं सांगितल्याप्रमाणे लावा. तरी उडत असेल तर पिन झिजली आहे किंवा खाचेला ओरखडा आहे. नाण्यानं यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

आडव्या रचण्याबद्दल एवढंच की सगळ्यांत खालच्या रेकॉर्डवर वरच्या सगळ्यांचं ओझं येतं. विनाइल वाकतं, लाख तडकते, मध्ये अडकलेला कण खाचेत रुततो. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, सरळ, कलू न देता आणि खच्चून न भरता.

आता अखंड संगीताचा मुद्दा. यावर भले भले माना डोलावतात, आणि मी स्वतः रेकॉर्डवेडी असल्यामुळे मला हे बोलणं सोपं जात नाही. मेसेजसोबत जिन्याच्या पायऱ्यांचं चित्र आहे : ही बघा डिजिटलची लहर, ही बघा रेकॉर्डची. सीडी १९८२ साली आली. तिच्यात आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. मग दोन नोंदींच्या मधलं संगीत हरवलं, असं मेसेज म्हणतो. ते हरवत नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ सालच्या निबंधात याची गणिती सिद्धता दिली आहे. नोंदींच्या निम्म्या वारंवारतेच्या खालचा आवाज असेल, तर त्या ठिपक्यांतून एकच वक्ररेषा जाऊ शकते आणि ती मूळ लहरच असते. सीडीसाठी ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ. माणसाच्या कानाला तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. स्पीकरकडे जाते ती गुळगुळीत लहर, पायऱ्या फक्त त्या चित्रात आहेत.

उलट रेकॉर्डच्या मर्यादा मोजता येतात. चांगल्या एलपीत सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल, सीडीत ९६. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी रुंद होईल की बाजू लवकर भरेल, म्हणून कोरताना खर्ज कमी करतात आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर तो पुन्हा वाढवतो. १९५४ पासून त्याचं आरआयएए नावाचं ठरलेलं माप आहे. आणि एलपी ३३⅓ फेऱ्यांनी फिरते म्हटलं तरी सुईखालून खाच सगळीकडे सारख्या वेगानं जात नाही. कडेला सेकंदाला ५० सेंटीमीटर, लेबलजवळ जेमतेम २०. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श' चिरकतात.

यावर सगळ्यांत बोलकं उदाहरण २०२२ सालचं आहे. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या रेकॉर्ड्ससाठी चोखंदळ श्रोत्यांत नावाजलेली. त्या वर्षी उघड झालं की तिच्या अनेक रेकॉर्ड्सच्या निर्मितीत दहाएक वर्षांपासून मध्ये एक डिजिटल टप्पा होता. तोवर त्याच रेकॉर्ड्सना अस्सल अ‍ॅनालॉग, म्हणजे डिजिटल टप्पा नसलेल्या, म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. कंपनीनं लपवलं हे चूकच, प्रकरण न्यायालयातही गेलं. पण मध्ये डिजिटल टप्पा आहे हे ऐकून ओळखणारे कान त्या दहा वर्षांत कुठे होते?

एक मात्र मान्य करते. काही जुन्या एलपी नंतरच्या सीडीपेक्षा किंवा स्ट्रीमिंगपेक्षा खरंच चांगल्या वाजतात. माझ्याकडेही आहेत. त्याचं कारण मास्टरिंग, म्हणजे प्रती काढण्याआधी आवाजाला दिलेलं अंतिम रूप. नव्वदच्या दशकापासून आवाज चढवण्याच्या स्पर्धेत हळू-मोठ्यातला फरक दाबून टाकलेल्या आवृत्त्या बऱ्याच निघाल्या. जुनी एलपी त्या आधीची असते. ते श्रेय एलपीसाठी मास्टरिंग करणाऱ्या माणसाचं, विनाइलचं नाही. मला रेकॉर्ड ऐकताना जे सुख मिळतं त्यासाठी शॅननला खोटं पाडावं लागत नाही.

१८० ग्रॅमची रेकॉर्ड हाताला भरीव लागते, पण खाचेची खोली वजनाबरोबर वाढत नाही. मास्टरिंग आणि प्रेसिंग (साच्यातली छपाई) खराब असेल तर ती तेवढीच खराब वाजते. शंभर वेळांचा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. झिजलेल्या पिनेनं दहा वेळांतही रेकॉर्ड खराब होते. चांगली पिन आणि योग्य भार असेल तर शेकडो वेळा वाजवलेल्या एलपी अजून उत्तम आहेत. हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १००० तास टिकते. मोजायचंच असेल तर तिचे तास मोजा.

मामांनी विचारलं, ती पहिली पाऊण मिनिट परत येईल का. विरघळलेली लाख परत येणार नाही. पण जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन करणारे वेगवेगळ्या जाडीच्या सुया वापरून बघतात. बारीक टोक खाचेत थोडं खाली टेकतं, तिथली भिंत कदाचित शाबूत असेल. तशी सुई मागवली आहे, आली की दोघं मिळून वाजवून बघू. तोवर ती रेकॉर्ड नव्या कागदी पाकिटात कपाटात उभी आहे. पाकिटाच्या कोपऱ्यावर मामांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : 'लाख. स्पिरिट लावू नये.' आणि खाली त्या रविवारची तारीख.